मिक्सरच्या हँडलची चोरी

रस्त्याने जाताना कुठे स्लॅब टाकत असले आणि मिक्सरची घरघर कानावर आली, की माझे पाय आजही थबकतात. बायको वैतागून म्हणते, "आता काय, याचाही पंचनामा करायचाय?" करायचा नाही. पूर्वी एकदा केलेला आठवतो, एवढंच. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण मनात ठाण मांडून बसली ती एका लोखंडी दांड्याची भुरटी चोरी. आणि ती झाली कुठे, तर माझ्याच पोलीस ठाण्याच्या आवारात! नावं कुणाचीच सांगणार नाही. त्यातली बरीच माणसं गेली, पण त्यांची मुलंबाळं तिथेच आहेत आणि मला अजून त्यांच्या घरच्या लग्नांची आमंत्रणं येतात.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं होतं. मी फौजदार म्हणून पनवेलला रुजू झालो. गावात भाताच्या गिरण्या, खाडीकडे मिठागरं, मुंबई-पुणे रस्त्यावर ट्रकांची वर्दळ. बांधकाम म्हणजे दगड, वीट, चुना आणि वर कौलं. पण नवी कामं निघू लागली ती सगळी सिमेंट काँक्रीटची. आमच्याकडच्या गवंड्यांना ते येत नव्हतं. ठेकेदार मुंबईहून टोळ्या आणत आणि इथले पिढीजात कारागीर कुंपणाबाहेर उभे राहून बघत. मग सरकारने मदत दिली. गवंड्यांनी सोसायटी काढली, सोसायटीला बहुतेक सरकारी अनुदानातून काँक्रीट मिक्सर मिळाला, शिकवायला एक तरुण ओव्हरसियर आला आणि शिकताना रोजगार बुडू नये म्हणून शिकणाऱ्यांना विद्यावेतन सुरू झालं.

शिकायचं तर प्रत्यक्ष काम हवं. ते काम आम्ही दिलं. आमच्या मुद्देमालाच्या खोलीवर कौलं होती आणि ती मनसोक्त गळत. तेव्हा दारूबंदी होती. जप्त केलेली हातभट्टी पावसाचं पाणी पिऊन कोर्टात जाईपर्यंत इतकी पातळ व्हायची, की आरोपीच तक्रार करायचा. त्या खोलीवर स्लॅब टाकायचं ठरलं आणि मिक्सर आमच्या आवारात चिंचेखाली येऊन उभा राहिला.

तो आला त्या दिवशी मी तिथेच होतो. गवंड्यांच्या टोळीत माल कालवायचं काम बायांचं. पत्र्यावर वाळू, खडी, सिमेंट पसरायचं, पाणी घालून फावड्याने खालवर करायचं आणि घमेली भरून द्यायची. जवळच्या करंजाडे गावची एक पोक्त बाई त्यांची मुकादमीण. तिने यंत्राभोवती एक फेरी मारली आणि ओव्हरसियरला विचारलं, "माल ही गिरन कालवनार. मंग आमी काय कराचा?"

"तुम्ही लांब बसा," ओव्हरसियर म्हणाला. "यंत्रात पदर अडकेल."

बाया चिंचेखाली बसल्या. पुढे त्यांनी येणंही बंद केलं. त्यांची घमेली मात्र एकावर एक पालथी घातलेली तिथेच राहिली. वर्गात नावं होती ती फक्त पुरुषांची.

नवरात्र बसल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी ओव्हरसियर धावतपळत माझ्या टेबलासमोर आला. मिक्सरचं हँडल दोन दिवसांपासून नाहीसं झालं होतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. त्या वेळच्या इंजिनाला बटण नव्हतं. हातभर लांबीचा, दोन ठिकाणी वाकवलेला लोखंडी दांडा इंजिनाच्या तोंडात घालून गरगर फिरवायचा, इंजिन सुरू झालं की काढून घ्यायचा. तो नसेल तर ते एवढं धूड म्हणजे नुसतं लोखंड.

"लोहाराकडून दुसरा करून घ्या," मी म्हटलं.

"केला साहेब. खाचेत बसत नाही, निसटतो. निसटला तर फिरवणाऱ्याचा हात जाईल. कंपनीकडून यायला दिवाळी उजाडेल." त्याचा आवाज रडवेला झाला. "आणि सप्तमीला खात्याचे साहेब पाहणीला येतायत. यंत्र चालू दिसलं नाही तर ते दुसऱ्या तालुक्याला जाईल. विद्यावेतन बंद, वर्ग बंद. तसं कळवलंच आहे त्यांनी."

मी तक्रार नोंदवून घेतली. संशयित म्हणून त्याने सोसायटीच्या म्हाताऱ्या चेअरमनचं, मिस्त्रींचं, नाव सांगितलं. मिस्त्री चुन्यात हयात घालवलेले. मिक्सरमधून निघालेल्या मालाला ते चारचौघांत शिळं कालवण म्हणत.

आधी मी हवालदाराला फैलावर घेतलं. आवारावर नजर त्याची. "साहेब, आईशप्पथ, आवारातून काडी बाहेर गेली नाही," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. मग काय, दांड्याला पाय फुटले होते?

बंदराच्या रस्त्याला माझा एक खबऱ्या होता, सुक्या मासळीचा व्यापारी, कोकणी मुसलमान. लोखंड, दारू, सोनं, कशाचीही हालचाल त्याच्या नाकाला कळायची. मी त्याच्या दुकानात जाऊन बसलो. चहा पाजून तो म्हणाला, "सायेब, कसम खाऊन सांगतो, भंगारात ती चीज आलेली नाय. इथं नाय, उरनला नाय. आनि एक सांगू? मिस्त्री परवा हॉटेलात हसत व्हता. ‘गिरन बसली’ बोलला. तुमी बघा काय ते."

चोरीची वस्तू विकायला गेलीच नाही, तर ती पैशासाठी नेलेली नसते. मग राग असतो, नाहीतर माया असते. मला तेव्हा राग वाटला.

मिस्त्रींना मी ठाण्यात बोलावलं नाही. ठाण्यात साधा माणूससुद्धा घाबरून खोटं बोलतो. आपल्या ओटीवर बसला की बरं बोलतो. मी आणि हवालदार त्यांच्या घरी गेलो. त्यांनी घोंगडी अंथरली, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मी काही विचारायच्या आत म्हणाले, "शिव्या मी दिल्या, सायेब. देतच राहीन. पन चोरी? अवो, सोसायटीचा चेअरमन मी. माझ्याच घरची वस्तू मीच कशाला चोरू?"

"मग हॉटेलात हसलात कशाला?"

"म्हातारपनी हसायचा बी गुन्हा हाय का?"

हवालदाराने मिशीआड हसू दडवलं. मी दटावून विचारलं, "मिस्त्री, सरळ बोला. यंत्र बंद पडलं म्हणून आनंद झाला की नाही?"

म्हाताऱ्याने तांब्या बाजूला सारला. मग म्हणाला, "झाला. खोटा कशाला बोलू? एक दिवस झाला. दुसऱ्या दिवशी पोरांची तोंडा बघितली आनि जेवन गेला नाय. माझ्यामागं चुना कोन इचारनार, सायेब? पोरांनी तरी शिकावा म्हनून त्या गिरनीच्या कागदावर मीच अंगठा दिलाय. वर्ग मोडला तं त्यांनी काय मुंबईवाल्यांची खडी उचलाची?" त्याचे डोळे भरून आले. माणूस खोटं रडतो तेव्हा आपल्याकडे बघत बघत रडतो. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते. माझ्या लेखी चौकशी तिथेच संपली.

उठताना माझी नजर आतल्या खोलीत गेली. घट बसलेला, दिवा तेवत होता आणि घटाला टेकून एक जुना ओळंबा ठेवलेला. त्याला हळदकुंकू वाहिलेलं.

"ओळंबा तिथे कसा, मिस्त्री?"

"ती आमच्या टोलीची रीत हाय. घट बसताना ज्याच्या त्याच्या पोटाचा हत्यार देवीपाशी ठेवाचा. दसऱ्यापरत हलवाचा नाय."

"मग काम कशाने करता?"

"कामाला दुसरा. देवीपाशी आपला मानाचा."

"सगळेच ठेवतात?"

"सगले. गवंडी थापी ठेवतो, सुतार रंधा ठेवतो, बाया घमेला ठेवतात."

मी नमस्कार करून निघालो. ठाण्याच्या फाटकातून आत शिरलो आणि चिंचेखाली थांबलो. घमेली होती तशीच पालथी होती. वर चिंचेचा पाला साचलेला, मधून मुंग्यांची रांग लागलेली.

"यातलं एखादं कुणी नेलं?" मी हवालदाराला विचारलं.

"एकही नाही, साहेब. माझं रोज लक्ष असतं ना."

"घमेल्यांवर आहे, हँडलवर नव्हतं!" मी करवादलो, आणि बोलता बोलताच डोक्यात लख्ख झालं. बाया घटाजवळ घमेलं ठेवतात. बायांची घमेली तर सगळीच्या सगळी इथे पडलेली. मग यंदा त्यांच्या घटाजवळ काय आहे?

"सायकली काढा," मी म्हटलं. "करंजाड्याला जायचंय."

भात पिवळं पडायला लागलं होतं. बांधाबांधाने सायकली हातात धरून आम्ही गावात पोचलो. मुकादमीण अंगणात तांदूळ पाखडत होती. आम्हाला बघून तिने सूप खाली ठेवलं आणि पदर सारखा केला. "ये सायबा, बस. तुझीच वाट बघत होते."

हवालदार खवळला. "ए बाय, साहेबांना अहो म्हणावं."

"देवीला पन मी तूच बोलतंय," ती म्हणाली. हवालदार सायकल भिंतीला टेकवायला वळला.

मी विचारायची गरजच पडली नाही. दार सताड उघडं होतं. आत घट, त्यावर नारळ, आणि घटाच्या पुढ्यात पाटावर मिक्सरचं हँडल. घासून पुसून लखलखीत केलेलं, हळदकुंकवाची बोटं ओढलेली, वर झेंडूची माळ. आयुष्यात पुष्कळ मुद्देमाल जप्त केला, पण इतका मानाने ठेवलेला दुसरा पाहिला नाही.

"कुणी आणलं?"

"मीच आनला. तुझ्या चिंचेखालची सुकी लाकडा गोला कराला आलते, त्याच मोलीत घालून."

"लाकडाच्या मोळीत? आणि आवारातून बाहेर कशी पडलीस?"

"ह्यो तुझा हवालदार फाटकात उभा होता. मोली जड झाली तं ह्यानंच हात लावून डोक्यावर दिली."

मी वळून पाहिलं. हवालदार छपराचे वासे न्याहाळत होता. पुढे तो निवृत्त होईपर्यंत कुठेही लाकडाची मोळी दिसली की ठाण्यातले शिपाई त्याला "हात लावता का, साहेब?" म्हणून छळत. बिचारा सोसायचा.

"बाय, याला चोरी म्हणतात," मी म्हटलं. "कोर्टात जावं लागेल."

"चोरी कशाची?" ती ताडकन म्हणाली. "माल कोन कालवायचा? आमी. आता कोन कालवतो? ही गिरन. आमचा काम हिच्या पोटात गेला. मंग आमचा हत्यार कोनता, तूच सांग. ते घमेला पालथा पडलाय, तो देवीपाशी ठेवू? रिकाम्या हातानं देवीपुढं कशी बसू? हत्याराबिगर घट कंदी बसवला नाय आमी. दसरा झाला की नेऊन ठेवनार होते जागेवर."

शेजारपाजारच्या बाया दारात जमल्या होत्या. सगळ्या तिच्याच टोळीतल्या. मी त्यांना सप्तमीची पाहणी सांगितली. यंत्र चालू नसलं तर ते जाईल, वर्ग मोडेल, गवंड्यांची पोरं पुन्हा कुंपणाबाहेर उभी राहतील.

मुकादमिणीचा चेहरा पांढरा पडला. "आई गं! हे आमाला कोनी बोल्ला नाय."

खरंच, कुणी सांगितलं नव्हतं. लांब बसवलेल्या माणसांना कोण काय सांगणार?

"मग उचल ते हँडल आणि दे इकडे."

"घट बसलाय, सायबा. मांडलेला हलवता येत नाय."

आता खरी पंचाईत झाली. मुद्देमाल समोर, कबुली झालेली, दोन पंच बोलावले की माझं काम संपलं असतं. पण माझ्याही घरी घट बसला होता. आईने बसवलेला, बायकोने राखलेला. त्या दांड्याला हात घालायची माझी छाती झाली नाही. हवालदाराकडे पाहिलं तर तो आधीच दोन पावलं मागे सरकला होता.

"देवीला इचारते," मुकादमीण म्हणाली. "कौल लावते."

तिने हातपाय धुतले. झेंडूच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून नारळाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. फौजदार उंबऱ्याबाहेर टोपी काढून बसला, हवालदार त्याच्या मागे, आणि दारात सगळ्या बाया श्वास रोखून उभ्या.

"आई," तिने हात जोडून विचारलं, "सायबाला हा परत देऊ का?"

बराच वेळ काहीच हललं नाही. माझी नजर उजव्या पाकळीवरून निघेना. आणि डावी पडली.

"नाय बोलते," बाया कुजबुजल्या.

"झालं!" मी कपाळाला हात लावला. "आता देवीलाच आरोपी करा!"

मुकादमीण मात्र हलली नाही. नारळाकडे टक लावून बसून राहिली. मग हळूच म्हणाली, "माझाच चुकला. परत देऊ का, असा इचारला. परत द्यायचा म्हनजे तो माझा नाय. माझा नाय तं देवीपाशी ठेवला कशाला? ही तं देवीशी लबाडी झाली." तिने नवी पाकळी भिजवून पुन्हा चिकटवली आणि या खेपेला खणखणीत आवाजात विचारलं, "आई, तुझ्या पायाकडचा माझा हत्यार मी कामाला नेऊ का? मीच फिरवीन. दुसऱ्याच्या हातात देनार नाय."

हात जोडलेले होते तोवरच उजवी पाकळी पडली.

कौलावर माझा विश्वास आहे का, ते मला विचारू नका. उजवी पाकळी पडली, एवढं मी शपथेवर सांगू शकतो.

आता ओव्हरसियरला समजवायचं होतं. ऐकून तो लालबुंद झाला. "बाई मिक्सर सुरू करणार? शक्य नाही, साहेब!"

"का? पदर अडकेल?"

तो खाली बसला. मग त्याने सांगितलं. आधीच्या कामावर हँडल उलटं फिरून एका मजुराचा हात मनगटापासून मोडला होता, त्याच्या डोळ्यांदेखत. तेव्हापासून कुणी यंत्राजवळ गेलं की हा त्याला मागे सारी. बायांना लांब बसवलं ते हिणवायला नव्हे, भीतीने. बोलण्याची धाटणी तेवढी कोरडी होती. मला त्या पोराची दया आली.

"मग हात मोडणार नाही असं शिकवा तिला," मी म्हटलं. "सरकारने पैसे कशाला दिलेत? यंत्र घ्यायला आणि शिकवायला. का शिकवायचे पैसे परत पाठवायचेत?"

"येऊ दे तिला सप्तमीला," एवढंच म्हणून तो उठला.

सप्तमीला खात्याचे साहेब आले. आवार झाडून लख्ख केलेलं. वर्गातली पोरं रांगेत, मिस्त्री धुतलेला फेटा बांधून पुढे. मुकादमीण कासोटा घट्ट खोचून आली. हातात हँडल, त्यावरचं कुंकू तसंच. तिच्या मागे टोळीतल्या सगळ्या बाया. साहेबांनी भुवया उंचावल्या.

तिने दांडा खाचेत घातला आणि जोर लावून फिरवला. इंजिन भकाभका दोनदा खोकलं आणि हँडलने उलटा हिसका दिला. ती ओरडून मागे उडाली. हात शाबूत होता, पण चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. मला वाटलं, संपलं. यंत्रही गेलं आणि बाईही पुन्हा यंत्राजवळ येणार नाही.

तेवढ्यात ओव्हरसियर धावला. साहेबांसमोर, सगळ्यांसमोर तो तिच्या शेजारी गुडघ्यावर बसला. "बाय, अंगठा पलीकडून नको. असा, बोटांच्याच बाजूला. खाली दाबू नकोस, खालून वर ओढ. हिसका आला की मूठ आपोआप सुटते मग. भिऊ नकोस, मी आहे इथे."

तिने त्याच्या हाताकडे नीट पाहिलं. तशी मूठ धरली. "आई!" म्हणाली आणि खालून वर ओढलं. एकदा, पुन्हा एकदा. इंजिनाने धरलं आणि सगळं आवार घरघरलं. मिस्त्रींनी फेटा हवेत उडवला. गिरणीला शिव्या देणारा म्हातारा तो!

त्या आवाजात साहेबांनी ओरडून विचारलं, "ही बाई वर्गातली आहे का?"

मी मिस्त्रींकडे पाहिलं, मिस्त्रींनी आभाळाकडे. ओव्हरसियर पुढे झाला. "हो साहेब, माझ्याच वर्गातली. या मागच्या सगळ्याही."

"बायकाही शिकतात? उत्तम!" साहेब म्हणाले. "मग यांचं विद्यावेतन का मागितलं नाहीत?"

वर्ग राहिला, मिक्सर राहिला आणि बायांची नावं लागली. मुद्देमालाच्या खोलीवर स्लॅब टाकला गेला तो त्यांच्याच हातून, आणि मी तिथे होतो तोवर तो एकदाही गळला नाही. ओव्हरसियर मिस्त्रींच्या पाया पडून आला, जेवूनच परतला. ती तक्रार मी सी समरीत काढली. खरीही नाही, खोटीही नाही, गैरसमजातून झालेली, अशा प्रकरणांसाठी कायद्यानेच ती सोय ठेवलेली आहे.

पुढे पुष्कळ चौकशा केल्या. वस्तू कुणी नेली, हे पोलिसाला विचारावंच लागतं. पण पनवेलनंतर मी त्या आधी आणखी एक विचारू लागलो, की ही वस्तू आपली आहे असं कुणाकुणाला वाटतं? गावोगावी सरकारची यंत्रं येताना पाहिली. ज्यांचं काम ती करणार, त्यांनाच लांब बसवलेलं पाहिलं, की मला चिंचेखालची ती घमेली आठवत आणि मी जमेल तिथे भांडत असे.

खंडेनवमीला ठाण्यात शस्त्रपूजा असते. त्या वर्षी सतरंजीवर रायफली, संगिनी, लाठ्या मांडून आम्ही पूजेला बसणार, तोच मुकादमीण फाटकात आली. हातात पुसलेलं हँडल.

"सायबा, तुझ्यापायी माझ्या घटापुढची जागा रिकामी झाली. काम झाला, पन हलवलेला हत्यार परत तिथं मांडता येत नाय. दसऱ्यापरत इथं ठेव."

मी काही म्हणायच्या आत हवालदाराने दोन्ही हातांनी हँडल घेतलं आणि माझ्या पिस्तुलाशेजारी नीट मांडलं. तेवढ्यात आमचे डीवायएसपी साहेब पूजेला आले. शस्त्रांवरून नजर फिरवत ते त्या दांड्यापाशी थबकले.

"हे कसलं हत्यार? कुणाचं आहे?"

हवालदाराने टाचा जुळवून कडक सलाम ठोकला आणि फाटकात उभ्या असलेल्या तिच्याकडे हात केला.

"त्या बाईसाहेबांचं आहे, सर."